चवीत बदल होऊ शकतो

मामांची जीभ हे त्या कारखान्यातलं सगळ्यात जुनं यंत्र होतं, आणि सगळ्यात नखरेलही. बाकीच्या यंत्रांना तेल घातलं की ती गुमान चालत. या यंत्राला मात्र सकाळी चहा चालत नसे, कांदा चालत नसे, लसूण तर आदल्या दिवसापासून बंद. दात घासायचे तेही नुसत्या ब्रशने आणि पाण्याने. पेस्टचा पुदिना एकदा जिभेवर बसला की दुपारपर्यंत उठायचं नाव घेत नाही, असं मामांचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं.

कारखाना माउथवॉशचा. चूळ भरायची आणि थुंकून टाकायची, एवढंच ज्याचं आयुष्य, त्या पाण्याचे प्रकार तरी किती असावेत! हिरवं पुदिन्याचं, तांबूस लवंगेचं, पोरांसाठी फळांच्या वासाचं, आणि हल्ली लोक हौसेने मागू लागले होते ते निळं मिठाचं. रोज सकाळी नवी टाकी तयार झाली की मामांच्या टेबलावर तीन पेले येत. दोन पेल्यांत एक, तिसऱ्यात दुसरं: कधी दोन जुने आणि एक नवा, कधी उलट. जुना म्हणजे काळ्या बाटलीत जपून ठेवलेला नमुना, नवा म्हणजे आजचा माल. आकडे पेल्यांच्या बुडाशी चिकटवलेले, मामांना न दिसणारे. तिघांतला वेगळा कोणता, ते मामांनी ओळखायचं. ओळखला, तर माल बिघडला. नाही ओळखता आला, तर माल जुन्यासारखाच, म्हणजे पास. थोडक्यात, मामा हरले की सगळा कारखाना खूश.

सत्तावीस वर्षं मामा हे करत होते. पण 'मामा' हे नाव पडलं ते चार वर्षांपूर्वी. त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी कारखान्याच्या परवाना विभागात लागली आणि पहिल्याच दिवशी भर कँटीनमध्ये तिने "मामाऽऽ" अशी हाळी घातली. तेव्हापासून मालकीणबाईंपासून गेटवरच्या माणसापर्यंत सगळ्यांचे ते मामा झाले. त्याआधी त्यांना काय म्हणत, ते आता कुणालाच आठवत नाही.

कारखान्याच्या मधोमध एक भिंत होती. अलीकडे मामांचं राज्य. पलीकडे जायचं तर कपडे बदला, टोपी घाला, पायात पिशव्या चढवा, वहीत सही करा. पलीकडे एकच माल बनत असे: गुलाबी. दुकानात तो समोरच्या फळीवर नसे. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली की औषधवाला मागे जाऊन काढून देई. मामांनी सत्तावीस वर्षांत ती भिंत ओलांडली नव्हती. कडवट पाण्याला एवढा थाट कशाला, असं ते नाक मुरडून म्हणत.

भाचीशी त्यांचा यावरून वाद ठरलेला.

"शेवटी पाणीच ना?" मामा म्हणायचे. "पाणी, थोडा रंग, थोडा वास. तुझ्या फायलीत मात्र माझं ते प्रसाधन, लिपस्टिक-पावडरीच्या पंगतीतलं. आणि त्यांचं ते औषध. का? ते कडू आहे म्हणून?"

"मामा, तू ना!" भाची कपाळाला हात लावायची. "बाटलीत काय घातलंय, किती घातलंय आणि बाटलीवर काय कबूल केलंय, त्यावर ठरतं ते. तुझ्यात पाणी, ग्लिसरीन, पुदिन्याचं तेल, गोडी आणि माल नासू नये म्हणून चिमूटभर काहीतरी. वर लिहिलंय, 'श्वास ताजा ठेवतो.' झालं प्रसाधन. तीच बाटली घेऊन मी उद्या 'हिरड्यांची सूज बरी करतो' असं छापलं, तर आतला थेंबही न बदलता माझ्यावर औषधाचे सगळे नियम लागू. सिद्ध करा, तपासून दाखवा, दोनशे पानांची फाइल द्या."

"एका ओळीसाठी?"

"एका ओळीसाठी. आणि फ्लोराइडवालं घे. दात किडू नयेत म्हणून असतं ते. एका देशात किती घातलंय ते बघून ठरवतात, दुसऱ्या देशात सरळ औषध. तेलं आणि अल्कोहोलवालं घे, त्याचंही तेच. सीमा ओलांडली की बाटलीची जात बदलते."

"शब्दाला कसली आलीय चव," मामा म्हणत आणि वाद तिथे संपे. कारण मामांच्या लेखी ज्याला चव नाही त्याच्याविषयी बोलण्यासारखं काही नसे.

मग मामांची अक्कलदाढ काढावी लागली. चौपन्नाव्या वर्षी ती दुखायला लागली, यावरूनही घरात बरेच विनोद झाले. डॉक्टरने दाढ काढली, कापूस दाबला आणि चिठ्ठीवर नेमकी पलीकडची गुलाबी बाटली लिहून दिली. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ, अर्धा मिनिट, आठवडाभर. "फार जोरात खळखळू नका, हलकेच," डॉक्टर म्हणाला.

मामा घरी येईपर्यंत हसत होते. "मला चूळ भरायला शिकवतोय! मला!" ते मामींना म्हणाले. बाटलीबरोबर घडी घातलेलं एक माहितीपत्रक होतं, ते त्यांनी न उघडताच कचऱ्यात टाकलं. ज्या माणसाने जन्मभर माउथवॉश तोंडात घोळवला, त्याने माउथवॉशचं पत्रक वाचायचं म्हणजे आचाऱ्याने चहाच्या पुड्यावरची कृती वाचण्यासारखं. सकाळ-संध्याकाळ तर सोडाच, त्यांनी दिवसातून सहा वेळा चूळ भरली. अर्ध्याऐवजी दोन-दोन मिनिटं. तीही त्यांच्या धंद्यातल्या खास पद्धतीने, जिभेच्या शेंड्यापासून पार मुळापर्यंत पाणी फिरवत. पेस्ट तर नव्हतीच. एवढी मन लावून केलेली चूळ त्या औषधाच्या नशिबी आधी कधी आली नसेल.

चौथ्या दिवशी घरात भांडण लागलं.

"अगं, भाजीत मीठ नाही."

मामींनी भाजी चाखली. "आहे की."

"सूपही अळणी."

मामींनी सूप चाखलं आणि त्यांचा चेहरा जरा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मीठ वाढवलं. मामांनी तरी वरून घेतलंच. मामी तीस वर्षं ज्या हातांनी अंदाजाने मीठ घातलं, त्या हातांकडे बघत राहिल्या. मामांच्या ते लक्षातही आलं नाही. आपली जीभ चुकते अशी शक्यता त्यांच्या डोक्याला कधी शिवलीच नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी मिठाच्या निळ्या मालाची मोठी टाकी तयार झाली. तीन पेले आले. मामांनी पहिला घोट घेतला, थुंकला, कोमट पाण्याने तोंड धुतलं, कोरड्या बिस्किटाचा तुकडा चघळला. दुसरा घोट. तिसरा. पुन्हा पहिला. तिन्ही एकसारखे. इतके एकसारखे पेले मामांनी आयुष्यात घेतले नव्हते. पास झालेल्या मालातही एरवी एखाद्या केसाएवढा फरक राहतोच. तो मामांना पुसटसा जाणवतो, पण वेगळा पेला कोणता हे ठरवण्याएवढा नसतो. आज तेवढाही नव्हता. "वा! आज टाकीवाल्याचा हात बसला," असं म्हणत त्यांनी वहीत सही ठोकली. मिठाचं मोजमाप प्रयोगशाळेतून दुसऱ्या दिवशी यायचं असे, पण मामांची सही झाली की त्या कागदाची कोण वाट बघतो? दोन वाजता बाटल्या भरायला सुरुवात होणार होती.

एक वाजता मामा आणि भाची कँटीनमध्ये जेवायला बसले. मामांच्या डब्यात उकडलेली अंडी होती. त्यांनी मीठ भुरभुरलं, एक घास घेतला, पुन्हा भुरभुरलं, पुन्हा एकदा. भाचीने नेहमीप्रमाणे न विचारता त्यांच्या डब्यातलं अर्धं अंडं उचलून तोंडात टाकलं आणि तसंच कागदी रुमालात काढलं.

"मामा! हे अंडं आहे की मिठागर?"

"काहीतरीच काय! आत्ता कुठे जरा चव यायला लागलीय."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने मिठाची बाटली त्यांच्यापुढे सरकवली. "नुसतं घे. चिमूटभर. जिभेवर ठेव."

मामांनी ठेवलं. काहीच नाही. दाताखाली कचकच झाली, बारीक वाळू खाल्ल्यासारखी. त्यांनी आणखी एक चिमूट ठेवली. मग तळहातावर ओतून घेतलं आणि चाटलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती कशी सरकते, हे मामांना त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्याबसल्या कळलं. आपली जीभ गेली. डोळे गेले असते तर माणसं हात धरून चालवतात. जीभ गेलेल्या चव घेणाऱ्याला कोण हात देणार?

आणि मग त्यांना सकाळचे तीन पेले आठवले. इतके एकसारखे का लागले, ते कळलं. जुन्यातलं मीठ लागत नव्हतं आणि नव्यातलंही लागत नव्हतं. त्यांनी पास केलं होतं ते न लागणारं मीठ.

"माल चांगलाच असेल," ते अर्धवट स्वतःशी म्हणाले. "शंभरात नव्याण्णव वेळा चांगलाच असतो."

घड्याळात एक वीस झाले होते. खरं सांगायचं तर मामा तिथे पाच मिनिटं बसले, आणि ती पाच मिनिटं फार चांगल्या माणसाची नव्हती. उद्या मोजमापाचा कागद येईल. बरोबर असेल तर कुणाला काही कळणार नाही. जीभ दोन दिवसांत येईलही. न आली तर तेव्हाचं तेव्हा बघू. एवढं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी डबा तसाच उघडा टाकला आणि ते मालकीणबाईंच्या खोलीकडे निघाले. भाची मागोमाग.

"बाई, निळी टाकी थांबवा," मामा दारातूनच म्हणाले. "सकाळची सही माझी आहे, पण जीभ माझी नव्हती. मला मीठ लागत नाही."

बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग फोन उचलून टाकी थांबवली, मग एक पेला मागवला. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि त्यांचं तोंड असं वाकडं झालं की उत्तर विचारायची गरजच उरली नाही. टाकीवाल्याचं मिठाची मापं घालताना मध्येच कुणाशी तरी बोलणं झालं होतं आणि मीठ दुप्पट पडलं होतं.

"मामा, हे तर माझ्या गेटवरच्या माणसालाही कळलं असतं."

"हो बाई."

"मग इतरांपैकी कुणीच कशी चाखली नाही टाकी?" बाईंनी विचारलं आणि त्यांचं त्यांनाच उत्तर सापडलं. मामांनी सही केल्यावर त्या मालाला जीभ लावायची हिंमत गेल्या सत्तावीस वर्षांत कुणी केली नव्हती. त्यांनी पेला बाजूला सारला. मग म्हणाल्या, "टाकी रिकामी करा. आणि मामा, तुम्ही पंधरा दिवस टेबलावर बसायचं नाही. जीभ परत आली तर टेबल तुमचं. नाही आली, तर मला दुसरी जीभ शोधावी लागेल. तुम्हाला काम देईन मी. पण ते हे काम नसेल."

मामांनी मान हलवली. बाई वाईट बोलल्या नव्हत्या, हेच त्यांना जास्त लागलं.

घरी जाऊन त्यांनी मामींना सगळं सांगितलं. मामी ऐकत होत्या तेव्हा शांत होत्या, आणि ऐकून झाल्यावर एकदम भडकल्या. "तीन दिवस मी स्वतःला वेडी समजत होते! मला वाटलं माझ्याच तोंडाची चव गेली. शेजारणीला बोलावून सूप चाखायला लावलं मी, माहितीय?" आणि मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आता काय होणार हो तुमचं?"

मामांनी गुलाबी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. डॉक्टरनेही जखम पाहून औषध आता बंद केलं तरी चालेल म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भाची त्यांना पलीकडे घेऊन गेली. कपडे बदलले, टोपी घातली, पायात पिशव्या चढवल्या, वहीत सही केली. ज्या माणसाची सही अलीकडे दगडावरची रेघ होती, त्याची सही पलीकडे 'पाहुणा' या रकान्यात गेली.

पलीकडच्या प्रयोगशाळेत एक बाई जंतू वाढवायचं काम करत. सगळे त्यांना जंतूताई म्हणत. टोपी आणि मुखपट्टीमधून त्यांचे नुसते डोळे दिसत होते. त्यांनी भाचीच्या जिभेवरून एक काडी फिरवली, काचेवर थेंबभर पाण्यात मिसळली आणि मामांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

मामांनी डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. जंतूताईंनी चाक जरा फिरवलं आणि मामांच्या तोंडून "अरे!" एवढंच निघालं. एक अख्खं गाव होतं ते. बारके ठिपके, काड्या, माळा, आणि त्यांच्यामधून नागमोडी पळणारे कोण कोण. कुणी गिरकी घेत होतं, कुणी घोळक्याने एका जागी थरथरत होतं, कुणी सरळ रेषेत घाईघाईने निघालं होतं, जसं काही त्याला कुठे तरी वेळेवर पोचायचं होतं. मामा बघत राहिले. सत्तावीस वर्षं ते ज्या तोंडांसाठी चव जपत होते, त्या तोंडांत हे सगळं चाललं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"हे हिच्या जिभेवर?"

"सगळ्यांच्याच असतं. आता ही तुमची," असं म्हणत जंतूताईंनी दुसरी काच सरकवली.

मामांनी पाहिलं. सामसूम. कुठे कुठे एखादा ठिपका, तोही निपचित. त्यांच्या अंगावर काटा आला. जंतूताई सांगू लागल्या.

"तुमचा हिरवा-निळा माल तोंडातून जातो तेव्हा ही मंडळी थोडी हलतात, आणि तासाभरात पुन्हा घरी. गुलाबी मात्र थुंकलं तरी जात नाही. ते चिकटतं. दातांना, गालांना, जिभेला धरून बसतं आणि आठ-दहा तास थोडं थोडं सुटत राहतं. हजार थेंबांत जेमतेम दोन थेंब असतं ते, बाकी पाणीच. तुम्ही पेस्टने दात घासता?"

"नाही. नुसतं पाणी."

"तरीच. पेस्टमधला फेसाचा पदार्थ या औषधाला धरतो आणि निकामी करतो. तुमच्या तोंडात त्याला अडवणारं कुणीच नव्हतं. त्यात सहा वेळा!" जंतूताईंचे डोळे हसले. "मिठाची चव यामुळे जाते, हे ठाऊक आहे. नेमकी कशी जाते, ते मात्र अजून पुरतं कुणालाच कळलेलं नाही."

"परत येते?"

"बहुतेकांची येते. औषध सुटून जातं. तशाही जिभेवरच्या चवीच्या पेशी सतत बदलत असतात. दहा-बारा दिवसांत जुन्या जातात, नव्या येतात."

मामांनी मनातल्या मनात हिशोब केला. सत्तावीस वर्षांत आठशेच्या वर वेळा. ज्या एका जिभेचा त्यांनी एवढा तोरा मिरवला, ती एक जीभ कधी नव्हतीच.

"म्हणजे मामी आठशे जिभांना जेवायला घालतेय," भाची म्हणाली. मामा हसले, पण त्यांचं लक्ष काचेवर होतं. त्यांनी विचारलं, "पुन्हा एकदा बघू का? हिचं?" आणि ते पुन्हा त्या गावात शिरले ते चांगला अर्धा तास बाहेर आले नाहीत.

टेबल नसलेल्या माणसाने बसायचं कुठे? मामा भाचीच्या खोलीत बसू लागले. एका भिंतीला दोन कपाटं. एकात अलीकडच्या मालाच्या फायली, बोटभर जाडीच्या: काय घातलंय, बाटलीवर काय छापलंय, कुणाला खाज सुटल्याचं एखाद-दुसरं पत्र. दुसऱ्यात एकट्या गुलाबीच्या फायली, आणि त्या कपाटाचं दार लागत नव्हतं.

"एवढं काय आहे त्यात?"

भाचीने एक माहितीपत्रक काढून त्यांच्या हातात दिलं. मामांनी कचऱ्यात टाकलं होतं तेच. उघडत गेले तसतसं ते मोठं होत गेलं, पार हातरुमालाएवढं. अक्षरं मुंगीच्या पावलाएवढी. मामांनी चष्मा वर केला, खाली केला आणि शेवटी टेबलावरचं भिंग घेतलं. सहाव्या ओळीशी त्यांचं बोट थांबलं.

'चवीत बदल होऊ शकतो. औषध बंद केल्यावर हा बदल बहुधा काही दिवसांत पूर्ववत होतो.'

"हे तू लिहिलंस?"

"मी नुसते शब्द नीट लावले. लिहिलंय ते लोकांनी." भाची खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली. "औषध एकदा बाजारात गेलं की आमचं काम संपत नाही, मामा. काही चाचण्यांत कळतं, बाकीचं नंतर. कुणाला काही झालं, त्याने डॉक्टरला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, की ते आमच्याकडे येतं आणि आम्हाला ते पुढे कळवावंच लागतं. अशी माणसं जमत गेली की पत्रकात एक ओळ येते."

मामांनी भिंग वरच्या ओळीवर नेलं. 'दातांवर तपकिरी डाग.' "हा चहाबाज असणार." मग खालच्या. 'जिभेची आग.' 'गालाखाली सूज, क्वचित.' "क्वचित म्हणजे किती?"

"दहा हजारांत एखादा."

"एखादा म्हणजे एक माणूस," मामा म्हणाले. त्यांनी भिंग तसंच धरून ठेवलं. तो माणूस एका सकाळी उठला असेल, आरशात गाल चाचपला असेल, घाबरला असेल. कुणाच्या तरी पुढे बसून त्याने सांगितलं असेल, आणि कुणी तरी ते खोटं न मानता लिहून घेतलं असेल. आता तो तीन शब्दांत इथे होता. मामांच्या हातातला कागद एकाएकी गजबजून गेला. काचेखालच्या त्या गावासारखाच तो होता. भिंगाशिवाय दिसत नव्हता एवढंच. शब्दाला चव नसते, असं आपण म्हणत होतो, हे आठवून त्यांना मनापासून लाज वाटली.

"माझंही लिही," ते म्हणाले.

भाचीने कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला. पुरुष, वय चौपन्न, नाव गुप्त. व्यवसाय: चव घेणे. किती वेळा वापरले, या प्रश्नावर तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि मामांनी निमूटपणे "सहा" म्हटलं. काय त्रास झाला: मिठाची चव पूर्ण गेली. शेवटचा प्रश्न होता, आता कसे आहे? त्याखाली तीन चौकटी. भाचीने 'बरे झालेले नाही' या चौकटीत खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला.

मामा अजून पत्रकच बघत होते. "त्रास झाला की माणूस येतो सांगायला. पण 'पूर्ववत होतो' हे कुणी सांगितलं गं? बरं झाल्यावर परत कोण येतं?"

"फार थोडे येतात," भाची म्हणाली.

मामांनी पत्रकाची घडी घातली आणि ती खिशात ठेवली. पुढचे दिवस त्यांनी त्या न पाहिलेल्या माणसाच्या भरवशावर काढले. रोज सकाळी ते जिभेवर मिठाचा एक खडा ठेवत, तो विरघळेपर्यंत डोळे मिटून बसत, आणि मामी दारात उभ्या राहून विचारत नसत. तिसऱ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी काही नाही. बाईंनी एका नव्या मुलीला टेबलावर बसवून पाहिल्याचं सहाव्या दिवशी कानावर आलं. त्या दिवशी मामांनी पत्रक दोनदा काढून वाचलं. ती ओळ होती तिथेच होती.

आठवा दिवस सुट्टीचा होता. मामा न्याहारीला बसले. ब्रेडवर लोणी लावलं, तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले.

"अगं, या लोण्यात मीठ आहे."

"असतंच की त्यात," मामी चहा ओतत म्हणाल्या. मग त्यांच्या हातातली किटली हवेतच राहिली.

मामांनी दुसरा तुकडा घेतला. पुसट होतं, लांबून हाक आल्यासारखं, पण होतं. जिभेच्या कडेने आत आलं, मागे सरकलं, घशापाशी जरा रेंगाळलं. एवढ्याशा क्षारासाठी जिभेने केवढी वाट केली होती! त्यांच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यांनी ती लपवली नाही. मामींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग मामा अर्धा ब्रेड ताटलीत टाकून उठले, चपला घातल्या आणि चालू लागले.

"अहो, कुठे? बाईंकडे?"

"बाईंना उद्या सांगतो," मामा जिन्यातून म्हणाले.

बहिणीच्या घरी सगळे अजून आळसावलेलेच होते. भाचीने विस्कटलेल्या केसांनी दार उघडलं, मामांचा चेहरा पाहिला आणि तिला काही विचारावंच लागलं नाही. तिने त्यांना घट्ट मिठी मारली.

"तो फॉर्म उघड," मामा म्हणाले. "शेवटची चौकट बदलायचीय."

"बदलू ना मामा. उद्या ऑफिसात गेल्यावर पहिलं तेच करते."

"आत्ता."

"अरे, सुट्टी आहे आज. तिकडे वाचायलाही कुणी नसणार. आणि एका फॉर्मने काही होत नाही, असे कितीतरी जमावे लागतात. वर्षं जातात त्यात."

"जाऊ देत की. माझा आज जमा होऊ दे." मामांनी धापा टाकत खुर्ची ओढली. "कुणीतरी आत्ता जेवायला बसलं असेल गं. त्याला मीठ लागत नसेल, आणि हे आता असंच राहणार, असं त्याला वाटत असेल."

भाचीने आत जाऊन लॅपटॉप आणला, जेवणाच्या टेबलावर उघडला आणि फॉर्म शोधून काढला. 'बरे झालेले नाही' वरची खूण काढून तिने ती 'पूर्ण बरे झाले' वर केली.

"तारीख?" तिने विचारलं.

"आजची," मामा म्हणाले, आणि फॉर्म गेल्याचं पडद्यावर येईपर्यंत ते तिच्या खांद्यामागे उभे राहिले.